अमेरिकेतल्या विद्यापीठाची गणित प्लेसमेंट टेस्ट घरबसल्या कशी द्यावी

अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश पक्का झाला की वर्ग निवडण्याआधी बहुतेकांना एक ई-मेल येतो: गणिताची प्लेसमेंट टेस्ट द्या. ही पास-नापासची परीक्षा नाही. मिळालेला प्रवेश तिच्यामुळे जात नाही. पहिल्या सत्रात तुम्हाला कॅल्क्युलसला बसवायचं की त्याआधीच्या प्रीकॅल्क्युलस किंवा कॉलेज अल्जिब्राला, एवढंच तिच्यावरून ठरतं. पण इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला हे ‘एवढंच’ महागात पडू शकतं. कॅल्क्युलस मागे पडलं की त्यावर टेकलेलं फिजिक्स मागे पडतं, आणि एक सत्र मागे म्हणजे तितकी जास्तीची फी.

आधी टेस्ट कोणती ते पाहा. काही विद्यापीठं स्वतःचा पेपर घेतात, पण बऱ्याच ठिकाणी मॅग्रॉ-हिल कंपनीची ‘अलेक्स पीपीएल’ (ALEKS PPL) ही ऑनलाइन टेस्ट असते. पुढचं सगळं तिच्याबद्दल. लॉगिन विद्यापीठाच्या पोर्टलवरूनच करा. बाहेरून वेगळं खातं उघडून दिलेली टेस्ट विद्यापीठापर्यंत पोहोचेलच असं नाही.

जास्तीत जास्त तीस प्रश्न असतात आणि साधारण दीड तास लागतो. सीईटीसारखे चार पर्याय क्वचितच. उत्तर स्वतः टाइप करायचं. कॅल्क्युलेटर ज्या प्रश्नाला चालतो त्याच प्रश्नाला स्क्रीनवर उघडतो, टेबलावरचा वापरायचा नाही. कोरा कागद आणि पेन चालतं. एक प्रश्न बरोबर आला की पुढचा अवघड येतो, आणि पुढे गेल्यावर मागे फिरता येत नाही. ‘आय डोन्ट नो’ असं बटणही असतं. विषयच शिकला नसाल तर ते खुशाल दाबा, तुक्का मारू नका. निगेटिव्ह मार्किंग नसलं की ठोकायचं, ही सीईटीची सवय इथे उलटते: चुकून बरोबर आलेला तुक्का पुढे न झेपणारे प्रश्न आणतो.

आता खरी गोम. जळगाव-धुळ्यातली हुशार मुलंही इथे अडखळतात, कारण ती बारावीचं इंटिग्रेशन घासत बसतात. या टेस्टमध्ये इंटिग्रेशन नाही, डेरिव्हेटिव्हही नाही. आहे ते नववी ते अकरावीचं: अवयव पाडणं, घातांक, करणी, वर्गसमीकरणं, असमानता, रेषेचा चढ, फंक्शन, लॉगरिदम, त्रिकोणमिती. म्हणून बालभारतीचं नववी-दहावीचं ‘गणित भाग १’ काढा, अकरावीतली त्रिकोणमिती आणि फंक्शनचं प्रकरण काढा, आणि दहा दिवस रोज दोन तास द्या. त्यातले पहिले चार दिवस निव्वळ बीजगणिताला.

एक नमुना. (x² − 9) ÷ (x² − 5x + 6) याला संक्षिप्त रूप द्या. वर (x − 3)(x + 3), खाली (x − 3)(x − 2), सामाईक अवयव गेला की उरतं (x + 3)/(x − 2). घाईत बरेच जण वरचा-खालचा x² उडवून मोकळे होतात आणि तिथेच घसरतात, कारण बेरजेतलं पद उडवता येत नाही, गुणाकारातला अवयवच उडतो. असे वीस प्रश्न हाताने सोडवले की ही खोड जाते.

दुसरी अडचण खुणांची आणि शब्दांची. आपल्या बारावीत कॅल्क्युलसमध्ये log x लिहिलं की पाया e धरतात. तिथे log म्हणजे पाया 10, आणि e साठी ln. आपला मसावि तिकडे ‘जीसीएफ’ आणि करणी ‘रॅडिकल’. रेषेचं समीकरण y = mx + c न लिहिता y = mx + b लिहितात. दहा लाख 1,000,000 असे दिसतात, शाब्दिक उदाहरणांत फूट, मैल, गॅलन येतात. असमानतेचं उत्तर बऱ्याचदा इंटरव्हलमध्ये, म्हणजे कंसात दोन टोकं लिहून, मागतात: |2x − 5| < 7 चं उत्तर (−1, 6). इथे गोल कंसाऐवजी चौकोनी टाकला तर आकडे बरोबर असूनही उत्तर चूक. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे शब्द एका वहीच्या पानावर लिहून दोनदा वाचावेत, बास.

टेस्ट कॅमेऱ्यासमोर असेल तर तयारी आदल्या दिवशी करा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट हाताशी ठेवा. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. त्यामुळे नावाचा क्रम उलटा पडू शकतो, म्हणून पोर्टलवर नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे आत्ताच बघा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, वायफायच्या राउटरला इन्व्हर्टर जोडा, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. कूलरची घरघर माइकला त्रास देते, म्हणून पहाटे किंवा रात्री बसलेलं बरं. आणि घरात सांगून ठेवा. मधेच दार उघडून कोणी ‘काय करी राह्यना रे?’ विचारलं तर कॅमेऱ्याला खोलीत दुसरा माणूस दिसतो, आणि टेस्ट रद्दही होऊ शकते.

वेळेचं गणितही चुकवू नका. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, शिकागो साडेदहा, कॅलिफोर्निया साडेबारा. न्यूयॉर्कच्या 15 जुलै रात्री 11:59 ची मुदत आपल्याकडे 16 जुलैच्या सकाळी 9:29 ला संपते. तिकडच्या सकाळी नऊला उघडणारी मदत-खिडकी आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला उघडते, त्यामुळे दुपारी अडकलात तर कोणी फोन उचलणार नाही.

गुण 0 ते 100 मध्ये येतात. ते बारावीच्या टक्क्यांसारखे वाचू नका, 65 म्हणजे वाईट नव्हे. कॅल्क्युलससाठी बरीच विद्यापीठं 70 ते 80 च्या आसपास मागतात, पण नेमका आकडा आपल्या विभागाच्या पानावर पाहा. कमी पडले तर टेस्टसोबत मिळणाऱ्या सराव-मॉड्यूलमध्ये बसा. बहुतेक ठिकाणी पुन्हा देण्याआधी 48 तास थांबावं लागतं आणि काही तासांचा सराव दाखवावा लागतो. एकूण संधी बहुधा पाच.

क्लासवाल्या भाऊला शेजारी बसवून गुण वाढवायचा मोह होतो. तसं करून कॅल्क्युलसमध्ये गेलात तर तिकडचा प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात अवयव कसे पाडले ते न समजावता पुढे सरकतो, आणि सत्राच्या मध्यात वर्ग सोडायचा म्हटलं तर विद्यार्थी व्हिसासाठी दर सत्राला लागणारे 12 क्रेडिट (विषयांचं वजन मोजायचं एकक) भरतीलच असं नाही. त्यापेक्षा गुणांचं पान सेव्ह करून ॲडव्हायजरला (विषय निवडायला मदत करणाऱ्या विद्यापीठाच्या सल्लागाराला) पाठवा आणि वर्गांच्या जागा भरायच्या आत बोलून घ्या.