खातं बनावट आहे का, हे कसं तपासायचं

आधी दोन प्रश्न वेगळे करा: सोशल मीडियावरचं खातं बनावट आहे का, आणि मजकूर खोटा आहे का? खरी माणसं खऱ्या नावानं खोट्या गोष्टी रोज पसरवतात. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विटरवरच्या बातम्यांचा एक मोठा अभ्यास आला. खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा वेगानं पसरतात असं त्यात दिसलं, आणि त्याचं मुख्य कारण बॉट (माणसाऐवजी प्रोग्रामनं आपोआप चालणारी खाती) नव्हते, बातमी पुढे पाठवणारी माणसं होती. त्यामुळे खातं खरं निघालं म्हणून बातमीवर विश्वास ठेवू नका. तिची शहानिशा वेगळी करावी लागते. इथे फक्त खात्याबद्दल.

पहिलं काम पुरावा जपण्याचं. संशय व्यक्त झाला की अशी खाती नाव बदलतात, पोस्ट उडवतात किंवा तुम्हाला ब्लॉक करतात. म्हणून काही बोलण्याआधी पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करा, तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि पान वेबॅक मशीन किंवा आर्काइव्ह टुडे या वेबपानांची प्रत जपणाऱ्या संकेतस्थळांवर साठवा. लॉगिन मागणारी पानं तिथे बहुधा नीट साठत नाहीत. अशा वेळी स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. लाइक, कमेंट किंवा रिपोस्ट करू नका. टीका करण्यासाठी शेअर केलं तरी पोस्ट आणखी लोकांपर्यंत पोचते, आणि पसरवणाऱ्याला तेच हवं असतं.

मग खात्याचा इतिहास बघा. फेसबुक पेजवर ‘पेज ट्रान्सपरन्सी’मध्ये पेज कधी सुरू झालं, आधी नावं काय होती आणि चालवणारे कोणत्या देशात आहेत हे दिसतं. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन टिंबांत ‘अबाउट धिस अकाउंट’ असतं. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) सामील झाल्याचा महिना आणि वर्ष प्रोफाइलवरच असतं. नवं खातं म्हणजे बनावट असं नाही, आणि जुनं म्हणजे भरवशाचं असंही नाही. विकत घेतलेली किंवा हॅक केलेली खाती जुनीच असतात. त्यांची खूण म्हणजे मधला खंड: काही वर्षं शांतता, मग अचानक वेगळी भाषा, वेगळा विषय आणि दिवसाला डझनावारी पोस्ट. देशाची नोंद व्हीपीएनमुळे, म्हणजे खरं ठिकाण लपवणाऱ्या सेवेमुळे, फसवी असू शकते. हँडलच्या (@ नंतरच्या नावाच्या) शेवटी आकड्यांची माळ असणं हा तर फार कच्चा पुरावा आहे, कारण नाव आधीच घेतलेलं असलं की एक्स स्वतःच तसं हँडल सुचवतं. निळ्या टिकमार्कनंही ओळख सिद्ध होत नाही. एक्सवर तो पैसे भरून मिळतो.

संस्थेच्या नावाचं खातं असेल तर उलट्या दिशेनं जा: संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन तिथून त्यांच्या खात्याची लिंक उघडा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या रिपब्लिकन पक्षाचं म्हणून चाललेलं एक ट्विटर खातं प्रत्यक्षात रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या इंटरनेट रिसर्च एजन्सी या बनावट खाती चालवणाऱ्या कंपनीचं होतं. २०१७मध्ये ते बंद झालं तोवर त्याचे एक लाखाहून जास्त फॉलोअर झाले होते.

डीपीसाठी गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स या फोटोवरून शोध घेणाऱ्या तिन्ही साधनांवर शोधा; प्रत्येकाचा साठा वेगळा असतो. काहीच सापडलं नाही तर फोटो आडवा उलटवून पुन्हा शोधा, कारण चोरलेला फोटो पकडला जाऊ नये म्हणून आरशातल्यासारखा फिरवून लावतात. तरीही काही मिळालं नाही, तर खातं खरं ठरत नाही. एआयनं बनवलेला चेहरा इंटरनेटवर आधी कुठेच नसतो. जुन्या पद्धतीच्या अशा चेहऱ्यांत डोळे चौकटीत नेमक्या एकाच जागी येतात. संशयित खात्यांचे डीपी एकावर एक ठेवले की लगेच कळतं. नव्या प्रतिमांना ही खूण लागू नाही.

सगळ्यात बोलका पुरावा वागण्यात असतो, म्हणून जास्त वेळ इथे द्या. पोस्टमधलं एखादं वेगळं वाक्य, शक्यतो शुद्धलेखनाच्या चुकीसकट, अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि निकाल ‘नवीनतम’ क्रमानं लावा. तेच वाक्य, तीच चूक असलेली खाती एका तक्त्यात लिहा: खातं, वेळ, मजकूर, लिंक. आता वेळा बघा. काही मिनिटांत दहा खात्यांनी तेच टाकलं असेल आणि हीच दहा खाती दुसऱ्या विषयावरही एकत्र दिसत असतील, तर मागे समन्वय असण्याची शक्यता मोठी आहे. फक्त एकदाच जुळलं तर थांबा: मोहिमेचे खरे कार्यकर्तेही तयार मजकूर कॉपी करून टाकतात. दिवसरात्र झोपेचा खंड न पडता पोस्ट येणं संशयास्पद खरं, पण वृत्तसंस्थाही वेळ लावून पोस्ट करतात. आणि पडद्यावर दिसणारी वेळ तुमच्या टाइमझोनची असते, हे तक्त्यात लिहून ठेवा.

एक्सवरची पोस्ट उडवली गेली असेल, पण लिंक हाती असेल, तर वेळ तरीही काढता येते. लिंकच्या शेवटच्या लांब आकड्याला ४१९४३०४ नं भागा, अपूर्णांक सोडा आणि १२८८८३४९७४६५७ मिळवा. उत्तर म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. कोणत्याही टाइमस्टॅम्प कन्व्हर्टरमध्ये टाकलं की तारीख मिळते. साधा कॅल्क्युलेटर एवढे मोठे आकडे गोल करतो, म्हणून सगळे अंक दाखवणारा वापरा. स्क्रीनशॉटवरची तारीख बदललेली असेल तर इथे उघडी पडते. मात्र नोव्हेंबर २०१० च्या आधीच्या पोस्टना हे चालत नाही.

रिपोर्ट करताना नेमका प्रकार निवडा. कुणाची नक्कल असेल तर ‘दुसऱ्याचं सोंग’ या अर्थाचा पर्याय घ्या, आणि ज्याची नक्कल झाली त्याला फोन करून त्याच्याकडूनही तक्रार करवा. ती जास्त परिणामकारक ठरते. एकत्र चालणाऱ्या खात्यांची टोळी असेल तर एकेक खातं वेगळं रिपोर्ट करा. जाहीर लिहायचं झालं तर ‘हा बॉट आहे’ असं म्हणू नका. ‘या सहा खात्यांनी तीन मिनिटांत हेच वाक्य टाकलं’ असं लिहून साठवलेल्या पानांच्या लिंक द्या. पलीकडे खरा माणूस निघाला, तर बॉट म्हटल्याचा त्रास त्याला सोसावा लागतो.