पाहुण्यांना मुक्तिलढ्याचा गोवा दाखवायचा तर

पुण्याहून पाहुणे यायचे झाले की त्यांची यादी आधीच ठरलेली असते: मंगेशी, जुने गोवे, कळंगुट. माझी ना नसते. एक सकाळ मात्र मी हक्कानं मागून घेते. तुम्हीही घ्या, आणि सुरुवात पणजीच्या आझाद मैदानापासून करा.

गाडी मैदानापाशीच लावायचा हट्ट सोडा. कदंब, म्हणजे सरकारी बसच्या स्टँडकडून पाटोचा पूल ओलांडून, ऊन चढायच्या आत चालत या.

मैदानातला खांबांचा मंडप दिसला की मंडळी लगेच फोटो काढू लागतात. त्यांना आधी खांब बघायला सांगा. जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन चर्चचे ते खांब. 1847 साली मंडप बांधला तो आफोन्सो द अल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी. 1510 मध्ये पोर्तुगिजांसाठी गोवा जिंकून घेतला तो हाच. पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे आणि मंडपात टी. बी. कुन्हा यांचं स्मारक. मखर त्यांचं, मूर्ती आपली! चांदरचे कुन्हा. 1928 मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी काढली. 1946 मध्ये पकडले गेले, लष्करी न्यायालयानं शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात रवानगी झाली. 1958 मध्ये ते मुंबईत वारले, म्हणजे मुक्तीच्या तीन वर्षं आधी. त्यांच्या अस्थी इथं आणल्या त्या 1986 मध्ये. पोरांना हा क्रम नीट सांगा, घाई करू नका.

मग मैदानालगतच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरा. दारातच निळ्या फरशांवर पोर्तुगीज महाकवी कामोंइशच्या काव्यातले प्रसंग आहेत, वास्को द गामाचा सगळा थाट. आणि इमारतीला नाव कुणाचं, तर 1930 मध्ये पोर्तुगिजांच्याच विधिमंडळात गोवेकरांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणाऱ्या लुईस द मिनेझिस ब्रागांझांचं. त्या फरशा उखडून टाकल्या नाहीत हे मला आवडतं. आमचे मेहुणे यावर दरवेळी वाद घालतात.

एव्हाना भूक लागते. पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी खाऊ घाला, मग अठरा जून रस्त्यानं फिरवा. खरेदी तिथं होतेच, फक्त रस्त्याचं नाव का पडलं ते आधी सांगून ठेवा.

त्यासाठी मडगाव हवं, पण ते दुसऱ्या दिवशी. कदंबची शटल पकडा. असोळण्याच्या डॉ. जुलियांव मिनेझिसांकडे विश्रांतीला आलेले राममनोहर लोहिया 18 जून 1946 रोजी मडगावात सभाबंदी झुगारून बोलायला उभे राहिले, तेही पावसात. दोघांनाही अटक झाली. आज ते लोहिया मैदान. बघायला फारसं काही नाही, दहा मिनिटं पुरतात.

वेळ उरलाच तर आग्वादचा तुरुंग बघा, तो आता संग्रहालय झाला आहे. शनिवार-रविवार तेवढे टाळा, कांदोळीच्या रस्त्यावर गाड्या हलत नाहीत.