मऊ खडकाच्या ताकदीचा अंदाज घेताना या चुका टाळा

ज्या खडकाची एकअक्षीय दाबशक्ती (एकाच दिशेने दाबल्यावर फुटेपर्यंत तो सोसतो तो दाब) साधारण 25 मेगापास्कलपेक्षा कमी भरते, त्याला मऊ खडक म्हणण्याची पद्धत आहे. शेल (पातळ थरांचा चिखलाचा खडक), पंकाश्म (घट्ट झालेल्या चिखलाचा खडक) आणि कच्चा वालुकाश्म यांच्या बाबतीत विदारण, म्हणजे हवा-पाण्याने खडक कमकुवत होणे, ही केवळ भूगर्भीय काळाची गोष्ट राहत नाही, कारण उघड्या पडलेल्या शेलचे थर काही दिवसांतही सुटू लागतात.

सर्वांत महागात पडणारी चूक नमुन्याच्या ओलाव्यात दडलेली असते. कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेला खडकाचा दंडगोल नमुना, पेटीत उघडा पडून सुकला, की मातीखनिजांमधील उरलेले पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरते आणि खडक असतो त्याहून बळकट भासतो. पुढे तोच तुकडा पाण्यात ठेवला, तर त्याचा चिखलही होऊ शकतो. म्हणून कोअर बाहेर येताच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यावर मेणाचा लेप द्यावा, आणि चाचणी नैसर्गिक ओलाव्यावर व संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेल्या) अवस्थेत अशी दोन्ही प्रकारे करावी.

दुसरी चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चाचणीसाठीचा दंडगोल कापता येतो तो धड तुकड्यांतूनच; जास्त विदारित भाग ड्रिलिंगमध्येच चुरतो, त्यामुळे प्रयोगशाळेतील सरासरी ही मुख्यतः टिकून राहिलेल्या खडकाची सरासरी असते. न मिळालेल्या कोअरची लांबी अहवालात शक्तीच्या आकड्याशेजारीच लिहावी. पॉइंट लोड चाचणीच्या (तुकडा दोन टोकांमध्ये दाबून फोडण्याच्या) निर्देशांकाला कठीण खडकासाठीचा 24 हा गुणक लावून दाबशक्ती काढणे तर येथे सरळ दिशाभूल करणारे ठरते.

रंगावरूनही फसगत होते. सांध्यांवरील (खडकातील भेगांवरील) तांबूस डाग पाहून अख्खा खडक कुजला असे समजू नये, आणि करड्या, ताज्या दिसणाऱ्या पंकाश्मावर विश्वासही टाकू नये. त्यासाठी स्लेक ड्युरेबिलिटी चाचणी (ओलावा-सुकवणीत खडक किती टिकतो हे पाहणारी) आहे: 40 ते 60 ग्रॅमचे 10 सुकवलेले तुकडे 2 मिलिमीटर जाळीच्या, पाण्यात अर्धवट बुडालेल्या पिंपात मिनिटाला 20 फेऱ्यांनी 10 मिनिटे फिरवतात, सुकवून पुन्हा फिरवतात आणि दुसऱ्यांदा फिरवल्यानंतर पिंपात उरलेले वजन टक्क्यांत मोजतात.

बांधकामाच्या पायाचा तळ खोदल्यावर मऊ पडला असेल, तर त्यावरच काँक्रीट ओतू नये. सुटलेला थर काढून, साचलेले पाणी उपसून, त्याच दिवशी पातळ काँक्रीटचा थर द्यावा. पुढच्या खोदकामात शेवटचा थर काँक्रीटची तयारी पूर्ण होईपर्यंत न खोदता ठेवावा.