चाऱ्याच्या मक्यात चवळी घेताय? तणाचा विचार पेरतानाच करा

पावसाळी चाऱ्याची पेरणी तोंडावर आलीये, तर नुसता मका किंवा नुसती ज्वारी टाकू नका, सोबत चवळी घ्याच. मका वर जातो, चवळी खाली पसरते, मधली जमीन झाकली गेली की तणाला ऊनच मिळत नाही. वर नुसत्या मक्याच्या चाऱ्यात प्रोटीन सुक्या वजनाच्या ८-१० टक्केच, चवळीत जवळपास दुप्पट.

पण सगळा खेळ पहिल्या ३०-३५ दिवसांचा आहे. चवळी मक्याच्या सावलीत दबली की ना चारा ना तणाचा बंदोबस्त, म्हणून ३० सेंमीवर ओळी धरा, मक्याच्या २ आणि चवळीची १, आणि दोन्ही एकाच दिवशी पेरा, चवळी मागून टाकू म्हणाल तर ती मागेच राहते. नुसत्या मक्याला हेक्टरी ७५ किलो बी लागतं, इथे ५० च्या आसपास पुरतं, चवळी १३-१४ किलो. दोन्ही बी एकत्र मिसळून पेरू नका, लहानमोठं बी वेगळं होतं आणि कुठे नुसता मका तर कुठे नुसती चवळी उगवते.

युरियाचा हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की मका झपाट्याने वाढून चवळीवर बसतो आणि चवळीच्या मुळांवर हवेतलं नत्र बांधणाऱ्या गाठीही कमी धरतात. चवळीच्या १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (या गाठी धरवणारं जिवाणू खत) लावा, बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, रायझोबियम शेवटी, मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. महिन्याभराने एक झाड मातीसकट हळूच उकरून काढा आणि मुळावरची गाठ नखाने फोडून बघा, आतून गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ नत्र बांधत नाहीये.

चवळी घेतली म्हणून खुरपणी सुटली असं अजिबात नाही हां. १५-२० दिवसांनी एक कोळपणी लागतेच, त्यानंतरचं तण चवळी दाबते. हराळी, लव्हाळा असेल तर पेरणीआधीच निपटा, नुसत्या सावलीने ते मरत नाहीत. तणनाशकांपैकी ॲट्राझीन मक्याला चालतं पण चवळी जाते, २,४-डी चं पण तेच.

कापणी चवळी फुलात किंवा कोवळ्या शेंगांत आणि मक्याचा दाणा दुधात असताना करा, साधारण ६०-६५ दिवसांनी. मक्याऐवजी ज्वारी घेतली असेल तर मात्र जपा, गुडघाभर कोवळ्या ज्वारीत किंवा पावसाचा ताण बसलेल्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं, जनावर दगावतं, आणि चवळी मिसळली म्हणून ते विष जात नाही, ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापा. आणि दवात भिजलेली नुसती चवळी उपाशी जनावरापुढे टाकू नका, पोट फुगतं, मक्यासोबत कुट्टी करूनच घाला.