कंपालात नवीन आलात? आधी चेअरमनना भेटा

दर महिना-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. युगांडातली नोकरी पक्की झालेली असते, पुढच्या आठवड्याचं तिकीट हातात असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, कुकर आणू का?" नका आणू. कुकर, तवा, पोळपाट, तूरडाळ, कढीपत्ता, सगळं इथे राजधानीत, कंपालात मिळतं. गोडा मसाला, आमसुलं आणि थालीपिठाची भाजणी मात्र आणा, आणि थोडी जास्तच आणा, कारण माझ्याकडची संपत आलेली असते.

कुकरच्या आधी पिवळ्या कार्डाचं बघा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एन्तेबे विमानतळावर ते कार्ड मागतात. सुट्टीवर घरी जाताना तर त्याची जास्त गरज, कारण कार्डाशिवाय युगांडातून मुंबईत उतरलात तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस एकदाच, आयुष्यभर चालते. कार्ड पासपोर्टच्या कव्हरात ठेवा, घरी कपाटात नको.

मी मूळचा सांगलीकडचा. एका साखर कारखान्यात नोकरी करायला म्हणून आलो, त्याला आता चौदा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं उसात गेली. विषुववृत्तावर ऊस जवळजवळ वर्षभर तुटतो, आपल्यासारखा दिवाळीनंतर बॉयलर पेटवून उन्हाळ्यात धुराडं बंद, असला हंगाम इथे नाही, हे कळेपर्यंत मी "गळीत कधी संपतं?" असं विचारत फिरत होतो. लोक हसायचे. म्हणून देशाची चार गोष्टींची ओळख करून देतो, म्हणजे तुमच्यावर तरी हसणार नाहीत. चेअरमन म्हणजे इथल्या वाडीचे प्रमुख, त्यांच्याकडे शेवटी येतो.

विमान उतरताना खिडकीतून पाणीच पाणी दिसतं आणि शेजारचा माणूस हमखास म्हणतो, "समुद्र!" तो व्हिक्टोरिया तलाव. युगांडाला समुद्र नाही. पूर्वेला केनिया, उत्तरेला दक्षिण सुदान, पश्चिमेला काँगो, खाली रवांडा आणि टांझानिया, असा चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला हा देश आहे. क्षेत्रफळ सुमारे 2,41,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाऊणपट, आणि 2024 च्या जनगणनेत लोक साडेचार कोटींच्या थोडे वर. समुद्र नसणं शाळेच्या पुस्तकात एका ओळीचं असतं, इथे ते रोज बिलात दिसतं. डिझेल असो, टाइल्स असोत की तुमच्या कंपनीच्या मशीनचा एखादा बेअरिंग, जहाजाने येणारी वस्तू बहुतेक करून मोंबासाला उतरते आणि तिथून अकराशेच्या वर किलोमीटर ट्रकने येते. मलाबा आणि बुसिया या सीमेवरच्या नाक्यांवर रांगा लागतात. 2007 च्या डिसेंबरात केनियात निवडणुकीवरून दंगली झाल्या, रूळ उखडले गेले, आणि काही दिवसांत कंपालात पेट्रोल मिळेना. भांडण शेजाऱ्याचं, चूल आपली बंद. तेव्हा "पुढच्या मंगळवारी माल येईल" असं कुणी सांगितलं तर मंगळवार कोणता ते विचारू नका. आणि महिन्याची औषधं अगदी शेवटच्या गोळीपर्यंत ताणू नका.

हवा मात्र देवाने दिलेली. कंपाला साधारण 1,200 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असूनही पंखा बहुतेक बंदच असतो. पाऊस वर्षातून दोनदा: मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर. तांबडी माती इतकी की पांढरे मोजे विसरा. कच्च्या रस्त्याला इथल्या इंग्रजीत 'मरम रोड' म्हणतात, म्हणजे आपला मुरूमच. असे आपले शब्द जागोजागी भेटतील. दुकान म्हणजे 'दूका', आणि फणसाला लुगांडात, म्हणजे कंपालाकडच्या भाषेत, म्हणतात 'फेने'. नाव कुठून आलं ते कोकणातल्या माणसाला तरी सांगायला नको. रस्त्याच्या कडेला चपातीत अंड्याचं आम्लेट गुंडाळून देतात, त्याचं नाव रोलेक्स. चपाती इथे आपल्याच लोकांबरोबर आली आणि आता ती पुरती त्यांची झाली आहे. बाकी मुख्य जेवण म्हणजे मातोके, केळीच्या पानात वाफवून कुस्करलेली हिरवी केळी, वर शेंगदाण्याची आमटी. पहिल्या दिवशी फिकं लागेल. आमटीवर दोन मिरच्या चुरडा, मग बघा.

आता वेळेचं. दिवस-रात्र इथे बाराही महिने जवळजवळ सारखे, त्यामुळे लुगांडात तास मोजायला सुरुवात सकाळी सहानंतर होते. सात वाजले की पहिला तास, आठ वाजले की दुसरा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कपाटाचं दार बसवायला सुताराला बोलावलं, तो म्हणाला "सावा बिरी", मी आकडे नुकतेच शिकलो होतो, बिरी म्हणजे दोन. रविवारी दुपारी दोन वाजता मी जेवण उरकून दारात उभा. तो सकाळी आठला येऊन, बेल वाजवून, अर्धा तास बसून परत गेला होता. आम्ही झोपलो होतो. सोमवारी त्याला सुनावायला गेलो आणि स्वतःच खजील होऊन परत आलो.

माणसांशी वागायचं एकच सूत्र: आधी विचारपूस, मग काम. दुकानात जाऊन थेट "दोन किलो साखर" म्हणणं इथे उद्धटपणा. "ओली ओत्या, सेबो?" म्हणजे कसे आहात, साहेब? बाई असेल तर "न्याबो". उत्तर येतं, "ग्येंदी", आहे बरी. कुणी काम करत असेल, अगदी गटार उपसत असेल, तर जाता जाता "जेबालेको" म्हणायचं, म्हणजे चांगलं काम करताय. आभाराला "वेबाले". एवढे शब्द पहिल्या आठवड्यात पाठ करा. बँकेतला माणूस इंग्रजी बोलतो, इंग्रजी इथली राजभाषाच आहे, पण त्यालाही आधी रात्र कशी गेली ते विचारा. काम लवकर होतं, हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे. गावाकडून आलेली बाई गुडघे टेकून नमस्कार करेल, तेव्हा "अहो, उठा उठा" म्हणून गोंधळ घालू नका. ती तिची रीत आहे, शांतपणे उत्तर द्या.

कंपाला आणि आसपासचा मुलूख बुगांडा या जुन्या राज्याचा. तिथल्या बागांडा लोकांची पन्नासच्या वर कुळं आहेत आणि प्रत्येक कुळाचं एक चिन्ह असतं: सिंह, बिबळ्या, माकड, तलावातला एखादा मासा. आपलं चिन्ह खायचं नाही आणि त्याच कुळात लग्न करायचं नाही. ऐकल्याबरोबर मी म्हटलं, हे तर आपलं देवक! आमच्या ऑफिसात एक मुलगा नसेनेने कुळाचा आहे. नसेनेने म्हणजे टोळ. नोव्हेंबरात टोळांचे थवे येतात, लोक रात्री मोठे दिवे लावून पकडतात, कांदा-मीठ घालून परततात, आणि सगळं ऑफिस कागदाच्या पुड्यांतून कुरुमकुरुम खात असतं. हा मात्र तोंड फिरवून बसतो. आम्ही दोघंच न खाणारे, म्हणून त्या दिवसांत आमची मैत्री झाली.

उत्तरेकडची माणसं, म्हणजे आचोली, लांगी, वेगळी भाषा बोलतात, त्यांना लुगांडा येईलच असं नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आपल्याला ते 'मुयिंडी' म्हणतात, अनेक असलो तर 'बायिंडी'. यात शिवी नाही. उलट आपण आपसात जो 'काळू' शब्द वापरतो, तो इथल्या कामगारांना चांगला कळतो. तो तोंडातून निघता कामा नये, घरातही नाही, कारण मुलं ऐकतात.

हे कडक सांगण्याला कारण आहे. कंपाला आणि जिंजाच्या जुन्या बाजारपेठेत फिरा, इमारतींच्या माथ्यावर गुजराती घराण्यांची नावं आणि बांधकामाची सालं कोरलेली दिसतील. ऑगस्ट 1972 मध्ये तेव्हाचा लष्करशहा इदी अमीन याने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं. हजारो कुटुंबं दुकानाच्या किल्ल्या सोडून गेली. 1986 नंतरच्या सरकारने त्यांना परत बोलावलं, बऱ्याच मालमत्ता परतही दिल्या. अमीनने जे केलं ते वाईटच. पण भिंतीच्या आत राहायचं, आपल्यातच जेवायचं, बाहेरच्या माणसाशी बोलायचं ते फक्त हुकूम द्यायला, या सवयीने तेव्हा आपल्या बाजूने उभं राहणारं फारसं कुणी उरलं नाही, असं माझं मत आहे. जुने गुजराती याच्यावर माझ्याशी वाद घालतात, घालू देत.

आता सरकार. राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी 26 जानेवारी 1986 पासून सत्तेवर आहेत. त्या तारखेची इथे सुट्टी असते, त्यामुळे आपला प्रजासत्ताक दिन आपोआप घरी साजरा होतो. किती वेळा निवडून यावं याची मर्यादा 2005 मध्ये गेली, वयाची 2017 मध्ये. संसदेत प्रत्येक जिल्ह्यातून एक बाई निवडून येतेच, सैन्याचेही प्रतिनिधी बसतात. शिवाय बुगांडाचा राजा, कबाका, आहे. त्याच्या हातात राज्यकारभार नाही पण मान मोठा. तुम्ही या राजकारणावर टॅक्सीत, बारमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मत देऊ नका, सैनिकांचे फोटो काढू नका. 2021 च्या निवडणुकीत काही दिवस देशभर इंटरनेटच बंद होतं, तेव्हा मतदानाच्या आठवड्यात थोडी रोकड आणि याका मीटरमध्ये विजेचं पुरेसं रिचार्ज ठेवा.

तुमच्यासाठी सरकार म्हणजे एलसी वन आणि तिचे चेअरमन. लोकल काउन्सिलची ही सगळ्यात खालची पायरी, वाडीची. वर एलसी फाइव्हपर्यंत, म्हणजे जिल्ह्यापर्यंत पायऱ्या जातात. 2018 मध्ये या चेअरमनच्या निवडणुका तब्बल सतरा वर्षांनी झाल्या, त्याही अशा की मतपत्रिका नाही, ज्याला निवडायचं त्याच्या मागे उघड रांगेत उभं राहायचं. आपल्या सरपंचाची आणि पोलीस पाटलाची कामं एकाच माणसाकडे आहेत असं समजा. रहिवासाचं पत्र, शेजाऱ्यांचं भांडण, चोरी झाली तर पोलिसांच्या आधीची चौकशी, सगळं तिथे.

मी वर्षभर त्यांना भेटलोच नव्हतो. एका कागदासाठी पत्र हवं झालं तेव्हा शोधत गेलो. हार्डवेअरच्या टपरीमागे, आंब्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक साठीचे गृहस्थ, मांडीवर वही, बाजूला शिक्का आणि सुकत आलेलं पॅड. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "ओळखतो. वर्षभर तुमची पांढरी गाडी बघतोय. काच कधी खाली आली नाही." मग शिक्क्यावर फुंकर मारली आणि वहीत काहीच न लिहिता मला खुर्ची दिली. पत्र मिळालं, पण तिसऱ्या फेरीला. आता मी रोज काच खाली करतो, आणि पावसाळ्यात गल्लीतला खड्डा बुजवायची वर्गणी सगळ्यात आधी माझ्याकडे मागायला येतात.

जमिनीची हौस असेल तर याच गृहस्थांना आधी विचारा. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही, जास्तीत जास्त 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. बुगांडात त्यातही 'मायलो' जमीन आहे. 1900 च्या करारात इंग्रजांनी कबाकाला आणि सरदारांना चौरस मैलांनी वाटून दिली, म्हणून मायलो. कागदावर मालक एक आणि पिढ्यानपिढ्या कसणारा 'किबांजा'वाला दुसरा, आणि त्याला कायद्याचं संरक्षण. कूळकायदा ज्याच्या घरात घडला असेल त्याला पुढचं कळलं. दलाल फक्त मालक दाखवतो.

उरलेलं भराभर सांगतो. वर्क परमिट कंपनीने काढायचं, पण मुदत तुम्ही लक्षात ठेवायची. पगाराच्या पावतीवर एनएसएसएफचे, म्हणजे इथल्या प्रॉव्हिडंट फंडाचे, तुमचे पाच आणि कंपनीचे दहा टक्के दिसतात का बघा, कायमचं परत जाताना ते पैसे काढता येतात. सिम घेतलं की त्याच दिवशी मोबाइल मनी सुरू करा, भाजीवालीही त्यावर पैसे घेते. बोडाबोडा म्हणजे मोटारसायकलची रिक्षा, हेल्मेट नसेल तर बसू नका, रात्री तर नकोच. ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची तपासणी, क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही. आणि सुट्टीवर सांगली-साताऱ्यात ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा: "मी युगांडाहून आलोय." नाहीतर ते व्हायरल म्हणून तीन दिवस घालवतील, आणि इथल्या मलेरियात तीन दिवस फार होतात.

चेअरमनकडे जाताना पासपोर्टची प्रत आणि दोन फोटो न्या. घरातल्या सगळ्यांना घेऊन गेलात तर उत्तम. आणि "उद्या सावा बिरीला या" म्हणाले, तर सकाळी आठला जा.