पुण्यात राहून स्कूबा डायव्हिंगमध्ये तयार कसे व्हावे

तारकर्लीला प्रशिक्षकाने धरून घडवलेली डुबकी आणि स्वतः डायव्हिंग करणे यांत पुष्कळ अंतर आहे. रीतसर अभ्यासक्रम करून 18 मीटरपर्यंतचे ओपन वॉटर हे पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र मिळवल्यावरही पुणेकराची अडचण संपत नाही, कारण समुद्र वर्षातून दोन-तीनदाच भेटतो आणि पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरचे डायव्हिंग बंद असते. म्हणून सराव पोहण्याच्या तलावात करावा, अर्थात प्रशिक्षक सोबत असतानाच.

सर्वाधिक वेळ बॉयन्सीला, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली जाता तरंगत राहण्याला, द्यावा. तळापासून हातभर वर आडवे राहून, हात छातीशी घेऊन, केवळ श्वासाच्या लयीवर शरीर स्थिर ठेवून पाहावे. श्वास मात्र कधीही रोखू नये. फुप्फुसे भरल्यावर शरीर वर उचलले जायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि नवशिका तेवढा धीर न धरता बीसीडीत, म्हणजे अंगातल्या फुगवता येणाऱ्या जाकिटात, हवा भरतो व मग थेट पृष्ठभागाकडे निघतो. खारे पाणी जड असल्याने समुद्रात तलावापेक्षा बुडण्यासाठी अंगावर थोडे अधिक शिशाचे वजन लागते. दोन्हींचे आकडे लॉगबुकात वेगवेगळे लिहावेत.

प्रशिक्षक अभ्यासक्रम पूर्ण करून घेतो, तर मार्गदर्शकाला तुमच्या मागच्या खेपेच्या चुका आठवतात. तो निवडताना त्याच्या डुबक्या मोजण्यापेक्षा, त्याने शेवटची डुबकी कधी आणि का रद्द केली, हे विचारावे; ज्याला उत्तर सुचत नाही त्याच्यामागे खोल जाऊ नये. प्रत्येक डुबकीला एकच कौशल्य ठरवावे आणि त्याला मिनिटभर चित्रीकरण करायला सांगावे. मी पाण्यात अगदी स्थिर असतो अशी माझी खात्री होती. चित्रफितीत मी जुन्या पुणेकराला शोभेल अशी सायकल चालवत होतो.

हवेचा हिशेबही मार्गदर्शकासोबत बसून करावा. 12 लिटरच्या सिलिंडरमधून 15 मिनिटांत 60 बार (बार हे दाबाचे एकक) हवा संपली, तर ती 720 लिटर, म्हणजे मिनिटाला 48 लिटर झाली. सरासरी खोली 10 मीटर असेल तर तिथला दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्याने पृष्ठभागावरचा खप 24 लिटर ठरतो. हा आकडा खाली येऊ लागला की 30 मीटरच्या अ‍ॅडव्हान्स्ड अभ्यासक्रमाचा विचार करावा.

परतीचा घाट मात्र विसरू नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे आणि वाटेतले घाटमाथे त्याहून उंच असू शकतात; शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्याआधीच कमी दाबाच्या हवेत चढणे धोक्याचे ठरू शकते. एकाहून अधिक डुबक्यांनंतर विमानप्रवासापूर्वी किमान 18 तास थांबतात. मी घाटालाही तोच नियम लावतो. शेवटची डुबकी शनिवारी दुपारपर्यंत आटोपावी आणि रविवारी न्याहारी करून, लॉगबुक पुरे करून मगच गाडी काढावी.