मांज्यात अडकलेली घार: पहिल्या तासापासून पुन्हा उडेपर्यंत

संक्रांत एका दिवसाची, पण तिचा मांजा झाडांत महिनोन् महिने लटकत राहतो. नायलॉन कुजत नाही, म्हणून पतंग बंद झाल्यावरही घारी, पिंगळे, बगळे, कावळे आणि वटवाघळं त्यात अडकतच राहतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो. तेव्हा अडकलेल्या पक्ष्याला सोडवून उपचारांपर्यंत नेण्याचं काम प्रत्येक गल्लीत निदान चार-पाच जणांना तरी नीट यायला हवं.

आधी दोरा काय करतो ते समजून घ्या. पक्ष्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या बाजूला कातडीचा पातळ पडदा असतो. उजेडासमोर धरला तर आरपार दिसतो, इतका पातळ. त्याच्या कडेतून एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी शीर, जाते. काचेची पूड लावलेला दोरा नेमका इथेच बसतो. पडदा फाटला तर शिवता येतो. कंडरा तुटली तर पंख पूर्ण ताणला जात नाही आणि बहुतेक वेळा ती घार पुन्हा उडत नाही. लटकलेला पक्षी दर फडफडीला दोरा आणखी खोल नेतो. म्हणून घाई करायची ती त्याला शांत करण्याची.

खाली उतरवताना

पक्षी विजेच्या तारेवर किंवा तारेजवळ असेल तर बांबू, आकडी, शिडी काहीही लावू नका. 1912 वर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्या. उंच झाडासाठी अग्निशमन दलाला 101 वर फोन करा. त्याच वेळी दुसऱ्याने वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर सांगावं. सांगताना पक्षी कोणता, किती उंचीवर, हलतोय का आणि जवळची खूण कोणती एवढं पुरतं. लोकेशन आणि एक फोटो पाठवा. संपर्कासाठी एकच नंबर द्या. दहा जणांनी दहा फोन केले की गाडी चुकीच्या गल्लीत जाते.

झाडाखाली दोघांनी चादर चारही कोपरे ताणून धरावी. दोरा ओढायचा नाही. पक्ष्यापासून वीतभर अंतरावर दोन्हीकडून कात्रीने कापा आणि अंगात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. तो भूल देऊन डॉक्टरच काढतात. ओढला तर करवतीसारखा चालतो.

हातात घेताना

टॉवेल डोक्यावरून टाका. डोळ्यांवर अंधार आला की घार चटकन शांत होते. मग मागून दोन्ही पंख अंगालगत मिटवून धरा आणि पाय ताब्यात घ्या, कारण घारीचं आणि घुबडाचं हत्यार चोच नसून नख्या आहेत. बगळा आणि ढोकरी मात्र थेट डोळ्याला टोच मारतात. चष्मा लावा आणि पहिल्यांदा मान धरा. छाती कधीही आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतं; छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच ते श्वास घेतात. घट्ट धरलेला पक्षी जखमेने नव्हे, गुदमरून मरतो.

वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका, जाड हातमोजे घाला. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉज पाच मिनिटं, मध्ये एकदाही न उचलता, दाबून धरा. पिंगळ्याचं वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. त्याच्या अंगात सगळं मिळून दोनेक चहाचे चमचे रक्त असतं. फरशीवरचे चार थेंब त्याच्यासाठी थोडे नाहीत. जखमेत माती असेल तर मेडिकलमधलं नॉर्मल सलाईन (मिठाचं निर्जंतुक पाणी) हळू ओता. हळद, डेटॉल, तेलकट मलम नको. मलमाने पिसं चिकटतात आणि बरी झालेली घारही मग थंडी-पावसात तग धरत नाही. माणसांची वेदनाशामक गोळी तर अजिबात नको.

पाणी पाजायचा मोह सगळ्यांना होतो. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. चोच उघडून ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनियाने पक्षी जातो. मग लोक म्हणतात, जखम मोठी होती. दूध, भात, पाव यातलंही काही नको. लोंबणारा पंख स्वतः बांधत बसू नका. चुकीचा बांधलेला पंख काही दिवसांत आखडतो आणि पडदा पुन्हा सुटत नाही.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे दोरा काढून "बघू उडते का" म्हणत पक्षी हवेत फेकणं. दोऱ्याने आवळलेल्या भागाची सूज आणि काळपटपणा कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. जखम दिसत नसली तरी डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय सोडू नका.

खोका

घारीसाठी पुठ्ठ्याचा साधारण 60 × 45 × 45 सेंटिमीटरचा खोका, पिंगळ्याला बुटांचा खोका. भोकं आतून बाहेर पाडा, म्हणजे पुठ्ठ्याच्या कडा आत येत नाहीत. बोटभर रुंदीची दहा-बारा, खालच्या अर्ध्या भागात. तळाला जुना टॉवेल. नुसत्या वर्तमानपत्रावर पाय घसरतात. वटवाघळासाठी आतल्या बाजूने लोंबतं कापड लावा, ते त्याला धरून लटकतं. तारेचा पिंजरा नको. धडपडीत शेपटीची पिसं मोडतात. जानेवारीच्या पहाटे अंग गार लागलं तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको असेल तर त्याला सरकता येईल. झाकण लावलं की पुन्हा उघडून दाखवू नका. गाडीत गाणी नकोत, मोठ्याने गप्पा नकोत.

खोक्यावर सापडल्याची जागा, वेळ आणि काय केलं ते लिहा. पुढे सोडताना ही जागाच लागते. पुण्यात बावधनला, नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यजीव उपचार केंद्र आहे, मुंबईत परळचं बैल-घोड्यांचं हॉस्पिटल पक्षीही घेतं. इतर गावांत वनपरिक्षेत्र कार्यालय सांगेल तिथे न्या. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे ताब्यात आलेल्या वन्यप्राण्याची खबर 48 तासांत द्यावी लागते. घरी पाळून "बरं करणं" हा गुन्हा आहे.

मंडळाने काय करावं

गणेश मंडळाकडे माणसं, गाडी आणि फोनची साखळी तयारच असते. डिसेंबरअखेर तीन कामं वाटून घ्या: फोन कोण उचलेल, गाडी कोण काढेल, गर्दी कोण मागे ठेवेल. हे तिसरं काम सगळ्यांत अवघड आणि तितकंच मोलाचं. चार-पाच खोके, टॉवेल, कात्री, हातमोजे आणि सलाईनची पिशवी एका ठरलेल्या दुकानात ठेवा, रात्रीही मिळेल अशा. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात पक्ष्यांची ये-जा असते. निदान तेवढा वेळ पतंग नको, हे गच्च्यांवर जाऊन समजावा. संक्रांतीनंतरचे तीन रविवार झाडांवरचा मांजा उतरवा, लहान-लहान तुकडे करून मगच कचऱ्यात टाका. अख्खा गुंता टाकला तर कचरा डेपोवर घारीच त्यात सापडतात. उपचार केंद्राला पैशांइतकीच जुन्या चादरींची गरज असते, पण आधी विचारून द्या.

पुढचे आठवडे

केंद्रात आधी सलाईन, मग अन्न; उपाशी पक्ष्याला लगेच मांस दिलं तर पचत नाही. घारीला नुसतं बोनलेस चिकन चालत नाही, हाडांशिवाय कॅल्शियम मिळत नाही. शेपटीला जुन्या एक्स-रे फिल्मचं आवरण लावतात, म्हणजे पिसं मोडत नाहीत. बसायच्या दांडीला काथ्या गुंडाळतात, नाहीतर गुळगुळीत दांडीने तळपाय सुजतात. टाके बरे झाले तरी लांब पिंजऱ्यात उडायचा सराव लागतो. चार-पाच फेऱ्यांनंतर घार चोच उघडी ठेवून बराच वेळ धापा टाकत असेल तर तिची वेळ झालेली नाही.

सोडायचं ते सापडल्या जागेजवळ, आकाशात पतंग नसताना. घारीला सकाळी, घुबडाला तिन्हीसांजेला. दोघांनी दुर्बीण घेऊन तासभर थांबावं. घार खाली बसली, एक पंख लोंबला किंवा कावळ्यांनी घेरलं आणि ती उठली नाही, तर टॉवेल आणि खोका हाताशी असू द्या. तिला त्याच दिवशी परत न्यायचं आहे.